सातवं बटण

ठिणगीने वाटी टेबलावर उपडी केली आणि बटणं बोटाने एकेक सरकवत मोजली. सात. मग तिने काचेची बरणी उचलून उजेडात धरली, हलवली, आत हात घालून तळ चाचपला. बरणीत काही नव्हतं.

"सातवं कुठे खर्च केलंस?"

वहिनी नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने पेनाला टोपण लावलं.

"अकराव्या प्रकरणात. तिथेच ठेवलंय, वाच."

"मला न विचारता?"

"जादू माझ्याकडे, माणसं तुझ्याकडे. हे काय आज ठरलंय?"

हे ठरून नऊ वर्षं झाली होती. नणंद-भावजयींनी एका टेबलाशी बसून मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहायच्या आणि तरीही एकमेकींशी बोलत राहायचं, हीच खरी अद्भुत गोष्ट आहे असं नातेवाईक म्हणत. ठिणगी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. हल्ली बुधवारी आणि शनिवारी तिला दुपारीच सुट्टी मिळे, तेव्हा ती इथे येई. पुस्तकातली माणसं तिची, त्यांची भांडणं तर खास तिची. ठिणगी हे नावही तिला भावाने, म्हणजे दादाने, ती सहा वर्षांची असतानाच पाडलं होतं आणि तिने ते आजवर इमानाने सांभाळलं होतं. वहिनी सकाळी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला जाई. लोकांचं रक्त थेंबाने मोजणारी ही बाई जादूही थेंबाथेंबानेच घालायची.

पण किती थेंब, हे ठरवलं होतं दादाने. पहिल्या पुस्तकाचा कच्चा खर्डा दोघींनी त्याला वाचून दाखवला तेव्हा त्यातली चेटकीण दर दोन पानांनी बोटं फिरवत होती. दादा वजनकाटे दुरुस्त करायचा. त्याने तिसऱ्या प्रकरणातच जांभई दिली.

"ही बाई सगळंच करू शकते," तो म्हणाला होता, "मग मी काळजी कशाची करायची?"

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या सदऱ्याची सात बटणं कापून एका बरणीत घातली आणि ती टेबलावर ठेवली. एका पुस्तकाला सात जादू. एक जादू झाली की एक बटण बरणीतून वाटीत. बरणी रिकामी झाली की चेटकिणीने गप्प बसायचं. आणि याला जोडून एक नियम: हाताने होतं तिथे जादू नाही. दार लाथेने उघडत असेल तर मंत्र म्हणायचा नाही. पुढे वाचणाऱ्या मुलांना हे कळलं आणि पत्रं येऊ लागली. त्यांत पोरं पान क्रमांकासकट जादू मोजून पाठवत. एकदा एका मुलीने सहाच भरल्या म्हणून चांगलं खडसावलं होतं.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते. एका दुकानात तो काट्यावर वाकला होता, तो तिथेच कलंडला. हे तिसरं पुस्तक तेव्हा जेमतेम दोन प्रकरणांचं झालं होतं.

ठिणगीने अकरावं प्रकरण उचललं आणि उभ्यानेच वाचायला लागली. 

पुस्तकात एक नावाडी होता. पहिल्या दोन्ही पुस्तकांत होता. मोठ्या हातांचा, कमी बोलणारा, कोणाचंही काही मोडलं की खिशातून सुतळी काढणारा. तो कोणावरून घेतला आहे हे दोघींपैकी एकीनेही कधी तोंडाने म्हटलेलं नव्हतं. तिसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात तो धुक्यात होडी घेऊन गेला, आणि होडी एकटीच परत आली. हे ठिणगीने लिहिलं होतं. लिहिताना ती रडली नव्हती, कारण तिच्याकडे बेत होता. नावाड्याचं शरीर तिने कोणाला सापडू दिलं नव्हतं. परत आलेल्या होडीत त्याचं एक वल्हं मुद्दाम कोरडं ठेवलं होतं. बरणीत एक बटण शिल्लक राहणार होतं, तेवढ्या भरवशावरच तिने त्याला बुडवला होता. शेवटच्या प्रकरणात सातवी जादू, आणि नावाडी धुक्यातून चालत येणार. ते प्रकरण ती लिहूनही बसली होती. अकरा पानं, आत्ता तिच्या पिशवीत होती. आपण वहिनीला हे सांगितलेलं नाही हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काय आहे, असंच ती धरून चालली होती.

आणि वहिनीने काय केलं होतं? नावाड्याची बायको सात दिवस चालून चेटकिणीच्या डोंगरावर जाते. चेटकीण म्हणते, माझ्याकडे एकच जादू उरली आहे, विचार करून माग. बायको म्हणते, रोज संध्याकाळी रिकामी होडी धक्क्याच्या दगडावर आपटते. टक्, टक्. तो आवाज बंद कर. चेटकीण म्हणते, बस, एवढंच? बायको म्हणते, एवढंच. चेटकीण हात फिरवते. त्या संध्याकाळी होडी दगडावर आपटते आणि आवाज होत नाही. प्रकरण समाप्त.

"आवाज?" ठिणगी म्हणाली. तिने पानं टेबलावर आपटली तशी दोन बटणं उडून खाली गेली. "वहिनी, आवाज? डोंगर चढून ही बया आवाज बंद कर म्हणते? नवरा परत दे असं म्हणायला तोंड नाही तिला?"

"ती ते मागत नाही."

"का नाही मागत? कोणीही मागेल! दगडसुद्धा मागेल!"

"तू मागितलं असतंस," वहिनी म्हणाली. "तिने नाही मागितलं."

"ती माझी आहे. माणसं माझ्याकडे आहेत ना? आत्ताच म्हणालीस."

वहिनी खाली वाकली, पडलेली दोन्ही बटणं तिने वेचली, वाटी सरळ करून मधोमध ठेवली आणि सातही बटणं तीत टाकली. तिच्या या शांतपणाचा ठिणगीला लहानपणी आईच्या शांतपणाचा यायचा तसाच राग आला. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. वाटी सरळ करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

तेवढ्यात फोन वाजला. प्रकाशक होते. सोमवारी हस्तलिखित न्यायला येणार होते आणि तोवर दिवसातून दोनदा फोन करून ते आपण घाई करत नसल्याचं सांगत. वहिनीने फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"कुठवर आलंय?" प्रकाशक म्हणाले. "आणि एक सुचवू का, रागावू नका. या वेळी जरा सढळ हाताने घाला. आजकाल मुलांना पानापानावर जादू लागते."

"आमच्याकडे सातच असतात," वहिनी म्हणाली.

"अहो, आठ करा, नऊ करा. कोण मोजतंय?"

"मुलं मोजतात!" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि एकदम म्हटल्याबद्दल ठिणगी आणखी चिडली.

वहिनीने फोन बंद केला. ठिणगीने बरणीकडे पाहिलं. आठवं बटण कुठूनही आणता आलं असतं. तिच्याच कुर्त्याला सहा होती. पण बरणीत स्वतःच्या कुर्त्याचं बटण टाकायचं या विचारानेच तिला कसंतरी झालं. सात त्याने ठरवली होती. ती मोडली तर त्याचं या टेबलावर काय उरलं?

मग तिला दुसरा नियम आठवला, आणि तिचे डोळे चमकले.

"गोणपाट," ती म्हणाली.

"काय?"

"जुनं गोणपाट. दुमडून त्या दगडाला बांधायचं, वर सुतळी. होडी आपटली तरी आवाज नाही. पाच मिनिटांचं काम. नावाड्याच्या घरात गोणपाट नसेल? सुतळी नसेल? हाताने होतं तिथे जादू नाही, वहिनी. तुझी ही सातवी जादू बाद."

वहिनीने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

"गोणपाटाने होत नाही."

"होतं!"

"होत नाही, ठिणगी."

"का होत नाही? सांग ना, का होत नाही? दादा असता तर त्यानेच म्हटलं असतं, गोणपाट बांधा. हेच म्हटलं असतं की नाही?"

दादाचं नाव या टेबलावर आठ महिन्यांत पहिल्यांदा निघालं होतं. वहिनीचा चेहरा बदलला नाही, पण तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवरून काढून मांडीवर घेतले.

"हो," ती म्हणाली. "त्याने हेच म्हटलं असतं."

"मग झालं तर." ठिणगीने वाटीतलं एक बटण उचललं. "हे परत आलं. आता शेवटच्या प्रकरणात मी ते खर्च करणार. नावाडी परत येणार. लिहून तयार आहे माझं."

"नको."

"का? तुला तो परत यायला नकोय?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर ठिणगीला ते परत गिळता आलं असतं तर तिने गिळलं असतं. पण ती रागात होती, आणि रागातलं वाक्य मागे घेण्याची सवय तिला कधीच नव्हती. वहिनी उठून उभी राहिली. ती ठिणगीपेक्षा वीतभर बुटकी होती, पण आत्ता तसं वाटलं नाही.

"तू बुधवारी येतेस," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शनिवारी येतेस. पाठ खिडकीकडे करून बसतेस, लिहितेस, चहा पितेस, आणि पाच पाचच्या बसने घरी जातेस. पुस्तकात त्याला परत आणशील, शेवटचं वाक्य लिहिशील, छान रडशील आणि त्याच बसने जाशील. तुझं ते झालं. मग मी ते छापलेलं पुस्तक घेऊन इथे राहू. ज्यात तो आलाय. कळतंय का तुला मी काय म्हणतेय?"

"माझा भाऊ होता तो!"

"मी कुठे नाही म्हटलं?"

"तुझं वागणं म्हणतं! आठ महिन्यांत एकदा तरी रडलीस माझ्यासमोर? एकदा तरी त्याचं नाव काढलंस? इथे येते तर सगळं जागच्या जागी, टेबल पुसलेलं, बटणं मोजलेली. आणि वरून हे, एका आवाजासाठी शेवटची जादू! आवाजासाठी!"

"जा आता," वहिनी म्हणाली. "बस गेली तुझी. पुढची पावणेसहानंतर आहे."

ठिणगीने बटण मुठीत घेतलं, पिशवी खांद्याला मारली आणि निघाली. मागून वहिनीने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. म्हणजे ही बाई पुन्हा लिहायला बसतेय, ठिणगीला वाटलं, आणि तिने चपला घालताना पट्टा इतका जोरात ओढला की तो उसवला.

फाटकापाशी ती थबकली. फाटकाच्या कडीला कापड गुंडाळलेलं होतं. ते तिने आज पाहिलं असं नव्हे. येता-जाता कित्येक आठवडे पाहत होती. गंज लागू नये म्हणून असेल, असं तिने मनाशी म्हटलं होतं, म्हणजे खरं तर काहीच म्हटलं नव्हतं. आता तिने वाकून पाहिलं. जुन्या टॉवेलच्या पट्ट्या, एकावर एक. त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. त्यावर सुतळी, आणि सुतळीला अगदी प्रयोगशाळेतल्यासारख्या सारख्या अंतरावर गाठी. जिथे कडी खांबावर आपटायची तिथेही खांबाला तेच बांधलेलं.

ही कडी पूर्वी कशी वाजायची ते ठिणगीला चांगलं माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. रोज संध्याकाळी घरी येताना दादा फाटक पायाने ढकलायचा, कारण दोन्ही हातांत वजनांच्या पेट्या असत, आणि कडी खांबावर आदळून दोनदा खणखणायची.

म्हणजे हिने स्वतःच बांधलंय! ठिणगीच्या अंगात विजय संचारला. गोणपाटाने होत नाही म्हणे. आणि इकडे टॉवेल, ट्यूब, सुतळी! तिने फाटक पूर्ण उघडलं आणि सगळा जोर लावून आदळलं. कडी खांबावर गेली आणि नुसता भप्प असा, उशीवर थाप मारावी तेवढाच आवाज झाला. तिने खिडकीकडे पाहिलं. वहिनी मान खाली घालून लिहीत होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. तिने पुन्हा आदळलं. वहिनीने पान उलटलं.

होतं. हाताने होतं. ठिणगी रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. शनिवारी आल्या आल्या हेच तोंडावर फेकायचं, आधी कडी दाखवायची आणि मग बटण, असं ती मनात घोळवू लागली. वाक्यंसुद्धा तयार झाली, आणि ती चांगली होती. थांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. समोर फाटक, फाटकामागे खिडकी, खिडकीत वहिनी. इतक्या वर्षांत आपण हे घर या बाजूने, या वेळी कधी पाहिलेलं नाही, हे तिला उगाचच सुचलं. दादा असताना ती रविवारी यायची, आणि तो गेल्यापासून पाच पाचला निघून जायची.

वारा अजिबात नव्हता. फाटक बंद होतं आणि जागचं हललं नव्हतं. गल्लीत एक मांजर भिंतीवरून उतरलं, तेही गुपचूप.

खिडकीत वहिनीने मान वर केली.

ठिणगीला वाटलं, आपल्याला पाहिलं. पण वहिनी थांब्याकडे पाहत नव्हती. ती फाटकाकडे पाहत होती. तिने पेन खाली ठेवलं. कानामागे केस सारले. मग ती उठली, आतल्या बाजूला दोन पावलं गेली, जिथे शेगडी होती, आणि तिने चहाचं भांडं उचललं. भांडं हातात धरून ती तशीच उभी राहिली, दाराकडे तोंड करून. एखाद्या माणसाला दोन जड पेट्या खाली ठेवायला, चपला काढायला आणि तीन पायऱ्या चढायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ.

मग तिने भांडं परत ठेवलं. खुर्चीत येऊन बसली आणि पेन उचललं.

ठिणगीने मनगट वळवून पाहिलं. पावणेसहा वाजून एक मिनिट झालं होतं.

बस आली. दार उघडलं, वाहकाने तिच्याकडे पाहिलं, काय बाई, चढताय की नाही, असं विचारलं. ठिणगीने नाही अशी मान हलवली. बस गेल्यावर समोर पुन्हा फाटक होतं, इतक्या मेहनतीने मुकं केलेलं. तिचा राग गेला नव्हता. तो तसाच छातीत होता, नुसता वहिनीवरून सुटून मोकाट झाला होता. सातच का ठेवलीस रे, ती मनात दादावर ओरडली. पंधरा ठेवली असतीस तर तुझं काय जाणार होतं? सदऱ्याला एवढीच बटणं होती का तुझ्या? रस्ता ओलांडताना तिचा उसवलेला पट्टा निसटला. तिने चप्पल हातातच घेतली.

तिने फाटक दोन्ही हातांनी उघडलं आणि दोन्ही हातांनी लावलं.

दारात तिला पाहून वहिनी दचकली.

"काय राहिलं?"

ठिणगी टेबलापाशी आली. तिने मूठ उघडली. बटण घामाने ओलं झालं होतं. ते कुर्त्याला पुसून तिने वाटीत, बाकीच्या सहांच्या शेजारी ठेवलं. वहिनीने बटणाकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या चपलेकडे, मग तिच्या तोंडाकडे.

"गोणपाटाने होतं म्हणालीस."

"नाही होत," ठिणगी म्हणाली.

एवढंच बोलून ती खुर्ची ओढायला गेली. खुर्ची नेहमीच्या जागी, खिडकीकडे पाठ करून होती. तिने ती फिरवून वहिनीच्या बाजूला घेतली. पिशवीतून आपली अकरा पानं काढली, ज्यांत नावाडी धुक्यातून चालत येत होता. क्षणभर ती हातात धरली. मग कोरी बाजू वर करून टेबलावर ठेवली.

"ते दुसरं वल्हं," तिने विचारलं. आवाज अजून चिडकाच होता. "कोरडं राहिलेलं. कुठे ठेवलंय त्याच्या बायकोने?"

"दाराशी," वहिनी म्हणाली. "अजून हात नाही लावलेला."

"जड असतं का ते?"

"पहिले काही दिवस जडच लागेल."

ठिणगीने वहिनीच्या हातून पेन घेतलं आणि वर लिहिलं: प्रकरण बारावं.